नमुन्यासाठी ताईचा फोटो

माझ्या धंद्यात रोज कोणाला तरी एकच गोष्ट समजावून सांगावी लागते, आणि सांगता सांगता माझं डोकं फिरतं. वेबसाइट बांधायच्या आधी आम्ही तिचं नुसतं चित्र करतो. त्याला मॉकअप म्हणतात. वर नाव असतं, खाली फोटो, बटनं, रकाने, सगळं असतं. फक्त त्यातलं काही चालत नाही. बटन दाबलं तर काही होत नाही, कारण ते बटन नव्हेच, बटनाचं चित्र आहे. यवतमाळात माझं लहानसं दुकान आहे. आधी नुसत्या लग्नपत्रिका करायचो, आता हेही करतो. एका शिकवणीवाल्या सरांनी माझ्या टेबलावरच्या रंगीत कागदावर बोट दाबून दाबून विचारलं होतं, हे उघडून काहून नाही राह्यलं? मी म्हटलं, सर, कागद आहे तो. तर म्हणे, कागद आहे ते मलेबी दिसते.

मी ते हसण्यावारी नेलं. पण या चित्राचा उपयोग काय, असं कोणी मनापासून विचारलं तर मी नीट सांगतो. माणसाला काय हवं ते आधी कधीच सांगता येत नाही. काय नको, ते मात्र डोळ्यांसमोर आलं की लगेच सांगता येतं. म्हणून आधी चित्र दाखवायचं, शिव्या खायच्या, बदलायचं, पुन्हा दाखवायचं. चित्र बदलायला एक दुपार पुरते, बांधलेली वेबसाइट बदलायला महिना जातो.

आता या चित्रात काहीतरी भरावं तर लागतंच. खरी माहिती त्या वेळी कोणाकडेच नसते, मग आम्ही मनानं भरतो. त्यामुळे मॉकअपमधली माणसं सगळी गुणाची असतात. त्यांची नावं आटोपशीर, फोटो उजेडातले, पत्ता दोन ओळींत संपणारा, एकही रकाना कोरा नाही. पुढे खरी माणसं येतात तेव्हा त्यांचे फोटो आडवे येतात, अर्धी माहिती दिलेलीच नसते, आणि दिलेली असते ती सांगावी की नाही अशी असते. हे आमचं मनानं भरणं कोणाला लागत नाही, असं मी इतकी वर्षं समजत होतो. आता नाही समजत.

आमच्या समाजाचं एक वधू-वर मंडळ आहे. ते चालवणारे गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले. दरवर्षी हिवाळ्यात परिचय मेळावा घ्यायचा, नावनोंदणीची पुस्तिका छापायची, लोकांच्या पोरीबाळींची काळजी स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरायचं, हा त्यांचा उद्योग. पुस्तिका आता कोणी उघडत नाही, वेबसाइट करा, असं मंडळातल्या पोरांनी त्यांच्या मागे लागून लागून त्यांना माझ्या दुकानात पाठवलं. गुरुजी आत आले, जयभीम केला, पाणी प्यायले आणि पहिल्यांदा काय म्हणाले, तर मी स्क्रीनवर काही पाहत नसतो. रंगीत छापून द्या. चार जणांना दाखवल्याशिवाय मी काही मान्य करत नसतो.

त्यांचे चार जण म्हणजे चाळीस निघाले. माझ्या पहिल्या मॉकअपचा कागद ते पिशवीत घालून गावोगाव फिरले. रविवारी विहारात वंदना झाली की सतरंजीवर तो कागद पसरायचे आणि सगळ्यांना विचारायचे. वधूच्या पानावर मी इंटरनेटवरून घेतलेला एका मुलीचा फोटो टाकला होता. गोरीपान, केस वाऱ्यावर उडालेले. बाया म्हणे पोट धरून हसल्या. हे कोणत्या गावची पोरगी, हिले आपल्याइकडचं ऊन लागलंच नाही वाटते, असं म्हणाल्या. गुरुजींनी कागद परत आणून माझ्यासमोर ठेवला आणि फोटोवर बोट टेकवलं. आपल्यातला चेहरा पाहिजे, म्हणाले. लोकांना वाटलं पाहिजे की ही आपलीच लेक आहे.

आता आपल्यातला चेहरा म्हणजे कोणाचा? लोकांच्या मुलींचे फोटो नुसत्या नमुन्यासाठी कसे मागायचे? विचार करता करता मला माझी ताई आठवली.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आई-बाबा गेल्यावर महागावच्या घरात ती एकटीच राहते आणि पुढच्या खोलीत शिवणकाम करते. तिचं लग्न झालं होतं, तीन वर्षं टिकलं. का मोडलं ते विचारलं की ती एवढंच म्हणायची, नाही जमलं. पण मोडलं हे मात्र तिनं कधी लपवलं नाही. ब्लाउजचं माप द्यायला आलेली एखादी नवी बाई सहज विचारायची, मालक काय करतात? ताई टेप तोंडात धरून माप घेता घेता सांगायची, सोडचिठ्ठी झाली, बारा वर्षं झाली. बाई बिचारी कावरीबावरी व्हायची. मी तिथे असलो तर मीही व्हायचो. ताईला त्याची लाज नव्हती. मला होती. हे मी आज सरळ लिहितो, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

एका रविवारी मी कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन आर्णीवरून महागावला गेलो. तिला मॉकअप दाखवला. मी समजवायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, हे तर आमच्या कच्च्या शिलाईसारखंच हाय. मोठ्या घरचं ब्लाउज असलं की ती आधी लांब लांब कच्चे टाके घालून अंगावर चढवून पाहते. बसलं नाही तर उसवायचं, पुन्हा घालायचं. बसलं की पक्की शिलाई मारून कच्चे टाके ओढून टाकायचे. इतक्या लोकांमध्ये एकटीला पटकन कळलं म्हणून मला आनंदच झाला. मग तिनं एक गोष्ट सांगितली. म्हणाली, "कच्चा टाका नेहमी येगळ्या रंगाच्या दोऱ्यानं घालायचा असते, भाऊ. हिरव्यावर लाल. रंगाले रंग जुळला तर तो दिसत नाही, मंग तसाच राहून जाते."

मी हो हो म्हटलं. शिंप्याचं ज्ञान आहे, ऐकून घ्यावं, अशा थाटात.

फोटोसाठी तिनं पोपटी लुगडं नेसलं, त्यावर स्वतः शिवलेलं ब्लाउज. दारात दुपारचा उजेड छान येतो, तिथं उभं केलं. पहिल्या दोन फोटोंत ती ओठ घट्ट मिटून उभी होती. मी म्हटलं, मतदान कार्डाचा फोटो नाही काढून राह्यलो मी. तेव्हा हसली, आणि तोच फोटो मी घेतला. परत निघताना तिनं मला फाटकापाशी थांबवलं.

"नाव नोको टाकू," ती म्हणाली. "पण बाकी जे टाकशील ते खरं टाक. कोणी वाचलं तर त्याले समजन तरी, अशा बायाबी लग्नाले उभ्या राह्यतात."

हे ती हसत म्हणाली. पण मी तिचा भाऊ आहे, तिचं हसणं मला कळतं. ताईला पुन्हा घर करायचं होतं. एक्केचाळीस वर्षांची होती ती, आणि बारा वर्षांत हे तिनं कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. एसटीत बसल्यावर माझे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, आता वेबसाइट होऊ दे, सगळ्यात आधी ताईची नोंद करू.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून मी वधूचं पान भरलं. नावाच्या जागी नुसतं 'वधूचे नाव' असं लिहिलं. वय खरं टाकलं. शिक्षण बारावी, व्यवसाय शिवणकाम, तालुका महागाव. फोनच्या जागी माझ्या दुकानाचा नंबर. ही माझी जुनी सवय. मनानं दहा आकडे लिहिले तर तो नंबर कोणाचा तरी निघतोच आणि त्या माणसाला फुकटचा ताप. इतका मी काळजी घेणारा माणूस. मग वैवाहिक स्थितीचा रकाना आला. तिथे मी 'घटस्फोटित' लिहिलं. खुर्ची मागे सरकवून पाहिलं. पुन्हा जवळ येऊन पाहिलं. तो हसरा चेहरा आणि त्याच्याखाली तो शब्द. मला वाटलं, गुरुजी हा कागद गावोगाव नेणार. विहारात सतरंजीवर पसरणार. माझ्या ओळखीचे लोक वाकून वाचणार. मी तो शब्द पुसला आणि तिथे 'अविवाहित' लिहिलं.

स्वतःची समजूत घालायला मला कारणं लगेच सापडली. नमुना आहे. नमुन्यात सगळं चांगलंच दाखवायचं असतं. शिवाय शब्द मोठा, रकाना लहान, डिझाइन बिघडतं. हा माझ्या हातचा मळ; रंग बदलायचा नसला की मी गिऱ्हाइकांना असंच काहीतरी सांगतो. पानावर आडवं 'नमुना' असं लिहावं लागतं, तेही मी इतक्या फिकट करड्या रंगात लिहिलं की फोटोची शोभा जाऊ नये. स्क्रीनवर ते दिसत होतं. कागदावर छापल्यावर दिसेनासं झालं, आणि ते मी पाहिलं नाही.

या वेळी गुरुजी खूश. चाळीसही जण खूश. कोपऱ्यात गुरुजींनी 'मान्य' लिहून सही केली आणि आता मेळाव्यात लोकांना दाखवतो म्हणून कागदाला प्लास्टिक चढवून घेतलं. मेळाव्याला मी गेलो नाही, दुकानात लग्नसराईच्या पत्रिकांचं काम होतं. तिथे काय झालं ते मला नंतर कळलं. सभागृहात दोन मोठे फलक होते, एक वधूंचा, एक वरांचा, आणि स्वयंसेवक आलेल्या लोकांचे अर्ज त्यावर टाचत होते. गुरुजींनी आमचा कागद टेबलावर ठेवला होता. कोणीतरी तो उचलला, वाचला, वधूची माहिती दिसली, वधूंच्या फलकावर टाचून दिला. त्यात त्या पोराची काही चूक नाही. कागदावर वधूच होती.

चार दिवसांनी दुकानात फोन आला. बोलणारा माणूस अगदी सावकाश बोलत होता. मेळाव्यात फलकावर फोटो पाहिला, म्हणाला, शिवणकाम करणाऱ्या बाईंचा, महागावच्या. मी मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून आणला आहे. आपण त्यांचे कोण? मी भाऊ, असं माझ्या तोंडून गेलं. तो नमुना आहे हे आधी सांगायला हवं होतं. आधी भाऊ गेलं. मग त्यानं स्वतःची माहिती सांगितली. झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक, मुक्काम मुकुटबन, वय पंचेचाळीस, मूलबाळ नाही. आणि म्हणाला, "एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझं एक लग्न मोडलेलं आहे. चालत असन तरच पुढं बोलू."

इथं मी बोलायला हवं होतं. त्या माणसानं दार सताड उघडून धरलं होतं. मी फक्त म्हणायचं, माझ्या ताईचंही मोडलेलं आहे, कागदावर चुकून वेगळं पडलं. एवढंच. शब्द ओठापर्यंत आला आणि मी तो गिळला. का गिळला ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. त्याचं मोडलेलं आणि आमचं कोरं, असं पारडं आमच्याकडे झुकलं होतं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्या बहिणीबद्दल कोणाशी मान वर करून बोलत होतो. मी म्हटलं, आमची काही हरकत नाही, या पाहायला. चांगला मोठेपणा दाखवून म्हटलं.

ताईला फोन करून फलकाचं आणि त्या माणसाचं सांगितलं. मग तिनं एकच प्रश्न विचारला.

"त्याईले माहीत हाय ना सगळं?"

"फलकावर सगळं लिहिलं होतं ताई," मी म्हटलं.

मनात म्हटलं, एकदा येऊन तिला पाहू दे, बोलू दे. ताईशी कोणी दहा मिनिटं बोललं की तो माणूस तिचा होतो. मग मी त्याला बाजूला घेऊन सांगेन. रोज ठरवायचो, आज फोन करतो. रोज दुकानात काही ना काही निघायचं. निघायचं म्हणजे मीच काढायचो.

पंधरा दिवस गेले. ताईनं पुढच्या खोलीला चुना मारून घेतला. मशीन कोपऱ्यात सरकवून त्यावर नवा पडदा शिवून टाकला. फोनवर एरवी ती मला दोन वाक्यांत वाटेला लावायची. आता विचारायची, त्याईले चहा गोड लागते का कमी, मुकुटबनचं पाणी कसं हाय, आश्रमशाळेतली लेकरं किती वर्षांची असतात. मी तिला चिडवायचो, की बाई, पाहुणे अजून पाहायला आले नाहीत, तू शाळेची तपासणी करून राह्यली. ती हसायची. बाराएक वर्षांत मी तिला इतकं हसताना ऐकलं नव्हतं, आणि प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर मी पुन्हा ठरवायचो, उद्या नक्की सांगतो.

ते आले त्या दिवशी बाजार समितीच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, म्हणून त्यांना यायला उशीर झाला. तो, त्याची थोरली बहीण आणि एक म्हातारे मामा. जिल्ह्याच्या त्या टोकाहून या टोकाला आलेली माणसं, धुळीनं भरलेली. मी आणि माझी बायको सकाळीच पोचलो होतो. मी त्याला फाटकापाशीच गाठायचं ठरवलं होतं. पण मामांना उतरताना हात द्यावा लागला, मग पाणी, मग चपला कुठे काढायच्या, आणि बघता बघता सगळे आत बसलेसुद्धा.

ताई चहा घेऊन आली. तिनं तेच पोपटी लुगडं नेसलं होतं, फोटोतलं. तो माणूस तिच्याकडे पाहून ओळखीचं हसला. दोघं बोलायला लागले ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. तो सांगत होता, की शाळेच्या मुलींचे गणवेश दरवर्षी ढगळ येतात, कोणाला नीट बसत नाहीत. ताई म्हणाली, दोन टाके घातले की बसतात, मी शिकवीन पोरींना. तो म्हणाला, शाळेत एक मशीन आहे, बंद पडलेली. ती म्हणाली, बंद नसन, तेल पाहिजे असन. त्याच्या बहिणीनं मामांकडे पाहून मान डोलावली. ते मी पाहिलं. मला वाटलं, झालं, जमलं.

मग त्याच्या बहिणीनं विचारलं, किती वर्षांपासून शिवता? ताईनं मोकळेपणी सांगितलं. लपवायचं काही आहे हे तिला माहीतच नव्हतं.

"पहिल्या घरी होती तवापासून," ती म्हणाली. "सासरी मशीन घेऊनच गेलती मी. सोडचिठ्ठी झाल्यावर तेच परत आणली."

मामांनी बशीत चहा ओतला होता, तो तसाच धरून राहिले. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. खिशातून मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि तो तिच्या हातात दिला. ताईनं तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला. तिला जवळचं दिसत नाही, सुईत दोरा ओवायला ती शेजारच्या पोरीला बोलावते. तिनं हळूहळू सगळं वाचलं. तालुका महागाव. व्यवसाय शिवणकाम. मग ती जिथे थांबली ते मला कळलं. तिनं मोबाइल परत दिला आणि म्हणाली, हे मी नाही लिहिलं.

मी बोलायला लागलो. नमुना होता, चुकून फलकावर गेला, असं काहीबाही. तो माणूस शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर तो ताईशी बोलला, माझ्याशी नाही.

"तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही, बाई. मी बी मोडलेलाच माणूस हाय. पण मागच्या वेळी बी मले एक गोष्ट अशीच मागून कळली होती."

त्यांनी चहा संपवला. मामांनी निघताना ताईच्या डोक्यावर हात ठेवला. रागावून, आवाज चढवून गेले असते तर मला सोपं झालं असतं. गाडी वळेपर्यंत मी रस्त्यावर उभा राहिलो, कारण घरात जायची माझी हिंमत होत नव्हती.

आत आलो तेव्हा ताई कप गोळा करत होती. माझी बायको मागच्या अंगणात निघून गेली होती. ताईनं वर न पाहता विचारलं, "काहून केलं असं?"

आणि मी, तिचा शिकलेला भाऊ, तिला काय म्हणालो? "रकाना लहान होता ताई. शब्द मावत नव्हता."

तिनं ट्रे खाली ठेवला.

"मावत नसन तर रकाना मोठा करायचा होता," ती म्हणाली. "कापड कमी पडलं म्हणून मी कोणाचा हात कापत नाही."

मग तिनं मशीनवरचा नवा पडदा काढला, घडी करून ठेवला आणि कोणाचंतरी अर्धं राहिलेलं काम घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर मी ती फाइल काढली. 'अविवाहित' पुसलं आणि 'घटस्फोटित' लिहिलं. त्याच अक्षरात, त्याच रकान्यात. शब्द आरामात बसला, वर दोन अक्षरांची जागा उरली. मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि डोकं टेबलावर टेकवून बसलो. रडलो म्हणायलाही मला हक्क वाटत नाही.

त्या माणसाला मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा त्यानं उचलला. चांगला बोलला. तुमच्या बहिणीनं लपवलं नाही हे मला कळतं, म्हणाला, पण ज्या घरात भाऊच असं लिहितो तिथं माझी बहीण नको म्हणते, आणि तिच्या शब्दाबाहेर मी जात नाही. गुरुजींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, तिची खरी नोंद करू आपण, मी स्वतः तिला विचारतो. विचारायला ते महागावला गेलेही. ताईनं त्यांना जेवू घातलं, त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटन लावून दिलं आणि सांगितलं, एकदा टांगून झालं ना गुरुजी फलकावर, आता राहू द्या.

वेबसाइट उन्हाळ्यात सुरू झाली. वधूच्या पानावरून मी ताईचा फोटो काढला. मी आता 'नमुना' हा शब्द लालभडक करतो. गिऱ्हाईक म्हणतं, दिसायला वाईट दिसते, फिकट करा. मी करत नाही. एकदोघं त्यापायी दुसरीकडे गेले.

वेबसाइटवर 'जुळलेली लग्नं' म्हणून एक पान ठेवलं आहे. दिवाळीनंतर गुरुजींनी त्या पानासाठी पहिला फोटो पाठवला. पांढरे कपडे घातलेलं जोडपं, मागे विहाराची भिंत. नवरदेव तोच होता, मुकुटबनचा. मी फोटो मोठा करून पाहिला, मग लहान केला. वधूची नोंद उघडली. राळेगावकडची बाई, वय चाळीस. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात तिनं स्वतःच्या हातानं 'घटस्फोटित' असं भरलं होतं. मी तो फोटो जागेवर लावला, कारण ते माझं काम आहे.

हे ताईला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मी त्याच आठवड्यात महागावला गेलो. ती कोणाच्या तरी लग्नाचं ब्लाउज घेऊन बसली होती, हिरव्या कापडावर लाल टाके. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यानं लग्न केलं, ताई. तिनं मशीन थांबवली नाही. शिवण संपेपर्यंत पायानं चालवत राहिली. मग दोरा तोडला.

"चांगलं झालं," म्हणाली. "ते बाई कोण हाय?"

"राळेगावकडची. तिचंबी पहिलं मोडलेलं."

"वेबसाइटवर लिहिलं होतं तिनं तसं?"

"हो."

ती एकेक लाल टाका ओढून काढत होती आणि दोरे बोटाला गुंडाळत होती. सगळे काढून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच अशी सरळ डोळ्यांत पाहत होती.

"मावला काय मंग तो शब्द?"

"मावला," मी म्हटलं.